गंजावर फिरवलेली कल्हई

नाताळच्या अंकात दर वर्षी पाळक लिहितात, मास्तर लोक लिहितात, कधी एखादे डॉक्टर लिहितात. यंदा कल्हईवाला लिहून राहिलाय. माझं शिक्षण चौथी, तीबी पुरी नाही. संपादकांनी निरोप धाडला, की काका, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही कोणाकडून तरी नीट लिहून घेतो. मी म्हणलं, न्हाई. माझं मीच लिहिणार. शुद्धलेखन तुमचं, वाक्य माझं. वाक्याला हात लावला तर लेख परत द्या.

लिहायचं कारण आधीच सांगतो. माझ्या हातच्या एका कामामुळं आपल्या नांदेडच्या ख्रिस्ती मंडळीतल्या सारूबाईंचं नाव खराब झालं, अन् सतरा वर्षं ते तसंच राहिलं. ते सरळ करायचं आहे. पण त्यासाठी आधी कल्हई म्हणजे काय ते कळलं पाहिजे. आताच्या पोरांनी स्टीलच्या पलीकडं काही पाहिलेलं नाही.

तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं. चव कडसर होते, भांड्याला हिरवं सुटतं, अन् ते पोटात गेलं की माणूस ओकतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, त्या धुरात कथलाची कांडी टेकवायची. कथील पाण्यासारखं पळायला लागतं. कापसाच्या बोळ्यानं ते चारी अंगाला फिरवायचं अन् भांडं पाण्यात बुडवायचं. उमरीच्या बाजारात मी बसलो की माणसं काम टाकून बघत उभी राहायची. आत्ता काळं होतं, आत्ता चांदीचं झालं. धूर विरला की भांड्याच्या तळाशी आभाळाचा तुकडा दिसायचा, अन् त्यात वाकून बघणाऱ्यांची तोंडं.

पण ते शेवटचं काम. पहिलं काम कोणी बघत नाही. भांडं रिकामं निखाऱ्यावर ठेवायचं. आत पाणी नाही, काही नाही. भाता हाणायचा अन् लाल होऊ द्यायचं. जुनी कल्हई, चिकटलेलं तेल, जोडातला गंज, सगळं जळून वर येतं. मग उतरवून वाळू, राख, चिंच घेऊन घासायचं. भांडं मोठं असंल तर आत उभं राहायचं. पायाखाली गोणपाट, हात काठाला, अन् कंबर हलवत गोल गोल फिरायचं. फिरता फिरता माझे डोळे मिटायचे. वाळूची खरखर पायाखालून वर यायची अन् हळूहळू पाण्यासारखी वाटायला लागायची. बिलोलीच्या लिंबाखाली असायचो, पण वाटायचं गोदावरीच्या पात्रात गुडघाभर उभा आहे अन् नदी मला फिरवून राहिली. कोणी हाक मारली तर लांबून यायची. किती दुपारी अशा गेल्या, त्याचा मला आता पत्ता लागत नाही. डोळे मिटले की त्या सगळ्या मिळून एकच दुपार होते.

त्या बिलोलीलाच एका बाईनं माझा हात धरला होता. तिच्या आईचा तांब्याचा हंडा मी रिकामा आगीवर ठेवला तर ती रडकुंडीला आली.

"अहो, उतरवा. आईची एकच वस्तू हाय माझ्याकडं, अन् तुम्ही जाळून राहिले."

म्हणलं, "बाई, हंडा न्हाई जळत. हंड्याला लागलंय ते जळतंय."

"मग एवढा लाल कशापायी? थोडं कमी तापवा की."

"कमी तापवला तर मळ तसाच राहतो, मग राग हंड्यावर निघंल, मळावर न्हाई."

हे वाक्य माझं नव्हे, माझ्या उस्तादांचं. रहीमचाचा, नांदेडच्या इतवाऱ्यातले. मी बावीस वर्षांचा असताना त्यांच्याकडं भात्यावर बसलो. त्यांनी माझ्या याकोब नावाचं याकूब केलं अन् मी तक्रार केली नाही. एकदा मी चिडून एक वाकडं पातेलं आगीत आपटलं. उस्तादांनी भाता थांबवला.

"गुस्सा नक्को करना रे भांडे पे. तेरा गुस्सा भांडे को क्या मालूम? ध्यान से देख. फेकने का भांडा कोई आग पे रखता क्या?"

खरंच आहे. टाकून द्यायचं भांडं मोडीत जातं. आगीवर तेच चढतं ज्यात उद्या कोणाचं तरी जेवण शिजायचं आहे. अन् चढलं की कल्हईवाल्याची नजर त्यावरून हलत नाही. बिडीसुद्धा पेटवता येत नाही.

आता संदेष्ट्यांकडं येतो. मी शास्त्र बोट ठेवून वाचतो, दिवसाला अर्धं पान. यशयात देव आपल्या लोकांना म्हणतो, की तुमच्यातलं कथील मी काढून टाकीन, तिथं मला राग आला. साऱ्या जन्माची भाकर मी कथलावर खाल्ली अन् हा त्याला मळ म्हणतो. चार दिवस पुस्तक उघडलं नाही. पुढं यहेज्केल वाचला अन् राग गेला, कारण त्याला धंदा माहीत होता. तो सांगतो, की हे शहर म्हणजे एक हंडा आहे, आत गंज धरलेला, तो रिकामा करून निखाऱ्यावर ठेवा, तांबं लाल होऊ द्या. मी वाचून हसलो. म्हणलं, हा आपल्यातला आहे. तेव्हापासून यहेज्केल मला आपल्या गोदावरीच्या नावघाटावर दिसतो. परक्या मुलखातल्या नदीकाठी तो बसायचा असं शास्त्रात आहे, पण मला नदी एकच ठाऊक. पायरीवर बसलेला असतो, पुढं रिकामा हंडा, बोलत नाही, नुसता माझ्याकडं बघतो. वय झाल्यावर दुपारी डोळा लागला की हमखास यायचा. का बघतो ते मला पक्कं ठाऊक होतं, अन् मी कूस बदलायचो.

आता ते काम सांगतो.

मंडळीची एक तांब्याची डेग होती. तीनशे माणसांचं जेवण उतरायचं तीत. तळाला जोड होता. दर नाताळाला प्रीतिभोजनाच्या आधी मी ती कल्हई करून द्यायचो, अन् सारूबाई तीत रांधायच्या. सारूबाई विधवा. पुढच्या बाकावर त्यांना कोणी बोलवत नव्हतं, गायनात त्या नव्हत्या, पण नाताळाच्या दिवशी पाळकसुद्धा त्यांना विचारून ताटं मांडायचे. तो एक दिवस त्यांचा होता. उन्हात शिजवत उभ्या राहायच्या, पदर कमरेला, अन् मोठ्या मोठ्या लोकांना म्हणायच्या, "व्हा बाजूला, वारा लागून राहिला चुलीला."

त्या वर्षी नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी मंडळीचे पंच मला म्हणाले, "याकोब, कल्हई कशाला आता? तुला पुरा दिवस लागतो. भाड्यानं ॲल्युमिनियमची पातेली आणू."

ते माझ्या वर्मी लागलं. म्हणलं, "दोन तासांत देतो. आणा डेग."

दोन तासांत डेग रिकामी लाल होत नाही. तेवढी मोठी डेग चारी अंगानं तापवायला अन् थंड करून घासायला दुपार कलते. मला ठाऊक होतं. जोडापाशी हिरवं होतं, तेबी मी पाहिलं. बोटानं खरवडलं, वरचं गेलं, खालचं राहिलं. त्या दिवशी मी आत उभा राहिलो नाही. काठावरून हात घालून घासल्यासारखं केलं, जरा तापवून नवसागर टाकला अन् कथील फिरवलं. गंजावर कथील धरत नाही. पण दिसतं धरल्यासारखं. वरून एक पातळ कातडी येते अन् चमकते. मी डेग उन्हात ठेवली तर पंचांनी डोळ्यावर हात घेतला.

म्हणाले, "आरसा केलास की."

मी म्हणलं, "म्हणलं होतं ना, दोन तास."

ही चूक कल्हईवालाच करू शकतो. दुसऱ्या कोणाला ती करताच येत नाही.

सारूबाईंनी सकाळी डेगेत कढी केली. कल्हईच्या भांड्यात आंबट ठेवायला हरकत नसते, त्यासाठीच तर कल्हई. उपासना लांबली, कढी दोन-तीन तास डेगेतच राहिली. जेवणं झाली अन् तासाभरात माणसं ओकायला लागली. जीव कोणाचा गेला नाही, देवाची कृपा. पण एका म्हाताऱ्याला दोन दिवस सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं.

पुढच्याच रविवारी पंचांनी देवळाच्या ओसरीत सारूबाईंना उभं केलं.

"दही कालचं होतं का?"

"न्हाई."

"मग लोक का आजारी पडले?"

सारूबाईंना त्याचं उत्तर नव्हतं, किंवा होतं, ते मी पुढं सांगतो. त्या इकडं तिकडं बघत एकदा माझ्याकडं थांबल्या. मी खाली बघितलं. माझ्या चपलेचा एक अंगठा तुटला होता, तो मी बघत उभा राहिलो. पंचांनी ठरवलं, की शिळं दही वापरलं, खोटं बोलल्या, म्हणून तीन महिने प्रभुभोजन बंद अन् स्वयंपाक कायमचा बंद. आमोस संदेष्टा वेशीतल्या न्यायाबद्दल बोलतो ना, गरिबाला वेशीत आडवं करता म्हणून, ती वेस म्हणजे आपल्या देवळाची ओसरी. मी तिथं होतो. तीन महिने झाल्यावर सारूबाई प्रभुभोजनाच्या टेबलाशी आल्याच नाहीत. औशाला भाच्याकडं निघून गेल्या. डेग मी आपणहून मागून घेतली, नीट करतो म्हणून. आतून बघितली. जोडाभर हिरवं. मी ती पुरती जाळली, घासली, कल्हई केली. एवढं सुंदर काम मी आयुष्यात केलं नाही. नंतर ती कोणी वापरली नाही.

सतरा वर्षं गेली. धंदा बसला, स्टील आलं, उस्ताद गेले. मंडळीत माझा मान वाढला. जुना माणूस, याकोबकाका, प्रार्थनेला उभे राहा. मी उभा राहायचो. चांगली प्रार्थना करतो मी, लोक म्हणतात.

मागच्या वर्षी नवे पाळक आले. तरुण आहेत, मनानं चांगले. त्यांनी रविवारच्या उपासनेनंतर संदेष्ट्यांचा अभ्यास सुरू केला. पहिल्या दिवशी कोणी तरी विचारलं, की आपण कृपेतले लोक, आपल्याला हा रागावणारा देव कशाला? पाळक म्हणाले, तो जुन्या काळचा विषय आहे, आपण त्यातली अभिवचनं घेऊ. मला पटलं नाही. यिर्मयाचं ते एक आशीर्वादाचं वचन रोज सकाळी मोबाइलवर येतं, गुलाबाच्या फुलावर. त्याच यिर्मयानं लोकांना सत्तर वर्षं परक्या मुलखात काढायला लावली, ते कोणी गुलाबावर लिहीत नाही. जखम वरवर बांधून सगळं ठीक आहे म्हणणाऱ्यांवर तो किती बोललाय.

यहेज्केलाच्या हंड्याचा धडा आला तेव्हा पाळक म्हणाले, "काका, हे तुमचं काम. तुम्हीच समजावून सांगा."

मी उभा राहिलो. लई छान बोललो. भाता सांगितला, निखारा सांगितला, रिकामं भांडं का तापवतात ते सांगितलं. म्हणलं, हा राग नव्हे, ही नजर आहे. देव ज्याला टाकून देतो त्याला आगीवर ठेवत नाही. आधी आपल्या घरचं भांडं तापवतो, शेजाऱ्याचं नंतर. बाया माना डोलवून राहिल्या होत्या. मला चढलं. म्हणलं, "अन् जो कल्हईवाला गंजावर कथील फिरवतो, तो—"

पुढचं वाक्य मला आलं नाही. भिंतीवरचा पंखा फिरत होता. मला नवसागराचा वास आला. देवळात कुठला नवसागर, पण आला, नाकात झोंबला, अन् त्या पांढऱ्या धुरात समोरची माणसं पुसट झाली. मी डेगेत उभा आहे, काठ डोक्याच्या वर गेलाय, असं वाटलं. आत काही नाही. नुसता मी. अन् धड्यातली पुढची ओळ आठवली, जी मी दर वेळी घाईनं वाचायचो. त्या हंड्याचा गंज आगीनंबी निघाला नाही.

मी खाली बसलो नाही. मी डेगेची गोष्ट सांगितली, दोन तासांपासून तुटक्या अंगठ्यापर्यंत.

मग पाळक हळूच म्हणाले, "काका, फार जुनी गोष्ट आहे. देवानं क्षमा केली आहे. आपण प्रार्थना करू."

म्हणलं, "साहेब, क्षमा मिळंल तेव्हा मिळंल. आत्ता तुम्ही कथील फिरवून राहिले."

"म्हणजे मी काय करू?"

"सारूबाईला तीन महिने बंद केलं होतं. मला किती करता ते सांगा."

पाळकांनी पंचांकडं बघितलं, पंचांनी छताकडं. जुन्या पंचांपैकी एकच उरलेत आता. ते म्हणाले, "याकोब, या वयात कुठं शिस्त लावत बसायची रे? हल्ली तसं कोणी करत न्हाई."

एकट्या बाईला शिस्त होती. मानाच्या म्हाताऱ्याला कृपा. मी त्या दिवशी माझी मीच लावली. सारूबाईंना भेटून त्या म्हणतील ते करेपर्यंत टेबलाशी येणार नाही, म्हणलं, अन् मागच्या बाकावर जाऊन बसलो.

औशाला गेलो. नांदेड-लातूर बस, तिथून सोलापूरच्या रस्त्याची दुसरी. बसमध्ये डोळा लागला. यहेज्केल शेजारच्या सीटवर होता, हंडा मांडीवर. या वेळी तो माझ्याकडं बघत नव्हता, खिडकीतून तुरीची शेतं बघत होता. मला त्याचा आधार वाटला.

किल्ल्याच्या अंगाला भाच्याचं घर. सारूबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. वाळल्यात, पण बसणं तेच, ताठ.

"मी याकोब. नांदेडचा, कल्हईवाला."

"दिसतंय. डोळे गेले न्हाईत माझे."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या सुपातलं निवडत राहिल्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "त्या दिवशी जेवणं झाल्यावर डेग कोणी घासली?"

"तुम्ही."

"मग? जोडापाशी हिरवं होतं. माझ्या बोटाला लागलं. ओसरीत उभं केलं तवाच ठावं होतं मला."

मी तिथंच जमिनीवर बसलो. म्हणलं, "मग बोलल्या का न्हाईत?"

"बोलले असते तर काय म्हणले असते? आपली चूक दुसऱ्यावर ढकलते. तू मंडळीचा माणूस, मी चुलीपुढची. म्हणलं, याकोब बघून राहिला, तोच बोलंल. आज न्हाई बोलला तर येत्या रविवारी." त्यांनी सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. "लई रविवार वाट बघितली. मग इकडं आले."

मी म्हणलं, "काय करू सांगा. नांदेडला चला, सगळ्यांसमोर—"

"तिथं कोण हाय आता त्या दिवसाचं? निम्मे मेले, निम्मे पुण्याला अन् हैदराबादला. तुझी गोष्ट नव्या पोरांनी ऐकली, मला काय त्याचं?" जरा थांबून म्हणाल्या, "ते नाताळचं पुस्तक निघतं न्हाई का? ते सगळीकडं जातं. त्यात लिही."

"मला लिहिता येत न्हाई नीट."

"येतं तेवढं लिही. अन् धंद्याचं आधी लिही. नुसतं चुकलो म्हणशील तर लोक म्हणतील, बघा म्हातारा किती मोठ्या मनाचा. कसं चुकलास ते लिही, म्हणजे कळंल त्यांना."

"अन् क्षमा?"

"आधी लिही. भाचा वाचून दाखवंल मला. मग बघू."

त्यांनी चहा दिला. आम्ही दोघं दारातच बसून प्यालो. ऊन किल्ल्याच्या बुरजावरून सरकत होतं. कितीतरी वेळ असं वाटत राहिलं, की हे मी झोपेत बघतोय अन् कोणी हाक मारील. कोणी मारली नाही. निघताना त्या उठल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. कल्हईवाला भांडं वेळेआधी उतरवत नाही.

म्हणून हा लेख. मी अजून मागच्या बाकावर आहे. लोक विचारतात, काका, किती दिवस? मी सांगतो, ते माझ्या हातात नाही. पूर्वी संदेष्टे वाचताना मला वाटायचं, हे लोक दुसऱ्यांना बोलून राहिलेत. आता वाचतो तेव्हा बोट ओळीवर असतं अन् ओळ माझ्यावर. भीती वाटते. पण ज्याची नजर माझ्यावरून हलत नाही त्याची भीती, एवढाच दिलासा.

तर त्या नाताळाला जे जेवले अन् जे आता जिथं असतील, त्यांनी हे वाचावं, अन् ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं. दही ताजं होतं. सारूबाईंनी सकाळी ते माझ्यासमोर चाखलं होतं अन् वाटीभर मलाही दिलं होतं. गोड होतं.